एक हात जास्त

आमच्या चॅपलमध्ये हात वर करून मत घेतलं की एक हात जास्त भरायचा. एकोणतीस वर्षं हे चाललं. हजर चौतीस, हात पस्तीस. हजर वीस, हात एकवीस. शेवटी आम्ही उरलो नऊ, आणि हात भरायचे दहा.

मोजणारा इद्वल. स्वान्सीच्या बाजारामागे त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला इद्वल घड्याळ म्हणतात. आमच्याकडे निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं डेव्हिस, तेव्हा माणूस धंद्यावरूनच ओळखावा लागतो. चाळीस वर्षं ज्याने सेकंदकाट्यांशी संसार केला त्याला दहापर्यंत धड मोजता येऊ नये, हे त्याच्या फार जिव्हारी लागायचं. तो पुन्हा मोजायचा. पुन्हा दहा. मग चष्मा पुसायचा आणि वहीत नऊ लिहायचा.

"कोणी दोन्ही हात वर करतंय का?" तो दरडावायचा.

"माझा एक वर जातो तेच नशीब," मॅटी म्हणायची. मॅटी चौऱ्याऐंशीची आहे. गुडघे गेले, पण जीभ शाबूत. "देव मत देत असेल, इद्वल. घर त्याचंच आहे."

"मग त्यानं आधी रीतसर सभासद व्हावं!"

सगळे हसायचे. मीही हसायचे. पण तो हात कुठून वर जातो ते मला माहीत होतं.

मी ओल्वेन. या चॅपलचा ऑर्गन मी चोपन्न वर्षं वाजवला. ऑर्गन व्यासपीठाच्या मागे, म्हणजे वाजवणारीची पाठ लोकांकडे. उपदेशक कधी थांबला, माणसं कधी उभी राहिली हे कळावं म्हणून डोक्यावर एक तिरका आरसा लावलेला असतो. त्यात मला अख्खं चॅपल दिसायचं. आठशे माणसांची जागा, आणि त्यात आम्ही नऊ. तेही एकत्र बसत नव्हतो. प्रत्येक जण आपापल्या घराण्याच्या बाकावर. मॅटी डावीकडे खिडकीशी, कारण तिचे आजोबा तिथे बसत. गेथिन सुतार वर सज्जात एकटा, डोक्यावर छत गळत असलं तरी. एका पाहुण्या उपदेशकानं एकदा सुचवलं की सगळे पुढे येऊन शेजारी शेजारी बसलात तर ऊब तरी राहील. त्याला आम्ही पुन्हा बोलावलं नाही.

आमच्या घराचा बाक सज्जाखाली, मागून तिसरा. आई-बाबा गेले आणि मी ऑर्गनवर, त्यामुळे तो रिकामाच. त्या रिकाम्या बाकावरून हात वर जायचा. नुसता हात, कोपरापर्यंत. हिरवा लोकरी हातमोजा, अंगठ्यावर तपकिरी लोकरीनं रफू केलेलं. त्याखाली माणूस नाही. मागे वळून पाहिलं की काहीच नाही, आरशात पाहिलं की स्वच्छ. तो हातमोजा मी लाखात ओळखला असता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, नेस्ताचा होता.

एकोणीसशे एकोणसाठचा मार्च महिना. मी अठराची, नेस्ता एकविसाची. ती गावातल्या वाचनालयात कामाला होती आणि तिला दिवस गेले होते. बंदरात लागलेल्या बोटीवरचा कोणी पोरगा. बोट गेली, पोरगा गेला. त्याला कोण जाब विचारणार? तो आमच्या चॅपलचा नव्हता. नेस्ता होती.

अशा वेळी गुरुवारच्या सभेत त्या मुलीला तोडायचं, हा नियम. 'तोडायचं' हाच शब्द आमच्यात होता, झाडाची फांदी तोडतात तसा. तिला सगळ्यात पुढच्या बाकावर एकटीला बसवायचं, पाठ लोकांकडे. मग हात मोजायचे. ती बाजूच्या दारानं निघून गेली की मागे राहिलेल्यांनी एक स्तोत्र म्हणायचं. ते बहुतेक वेळा देवाच्या दयेवरचं असे, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

व्यासपीठाखाली कठडा घातलेलं मोठं आसन असतं. चॅपलचे वडीलधारे तिथे लोकांकडे तोंड करून बसतात. आमचे बाबा त्यांचे प्रमुख होते. पत्र्याच्या कारखान्यात ते मुकादम, तिथे शेकडो माणसं त्यांच्या भुवईकडे बघून काम करायची. घरात आई, नेस्ता आणि मी, तिघी तेच करायचो.

ठराव बाबांनी स्वतः वाचला. दुसऱ्या कोणावर टाकता आला असता, पण तो पळपुटेपणा झाला असता ना! आवाज जरासुद्धा कापला नाही. "संमती असेल त्यांनी हात वर करावेत," असं म्हणून त्यांनी चष्म्याच्या वरून आमच्या बाकाकडे पाहिलं.

आईचा हात वर गेला. मग माझा.

सभा सुटल्यावर नेस्ता बाजूच्या फाटकाशी उभी होती. आई-बाबा न थांबता पुढे गेले. मी थांबले. तिची पाठ होती, तिला कोणाचेच हात दिसले नव्हते. तिनं एवढंच विचारलं, "तू?"

"नाही," मी म्हटलं. "मी नाही केला."

तिनं माझे दोन्ही गाल हातात धरले. "वाटलंच होतं मला. एक जण तरी होतं माझ्या बाजूनं. बास झालं, ओल्वेन. एवढ्यावर काढीन मी."

आणि खरंच तिनं तेवढ्यावर काढली. दुसऱ्या दिवशी ती लंडनच्या गाडीत बसली. तिथे आमच्या लोकांच्या दुधाच्या डेऱ्या होत्या, त्यातल्या एकीत राहिली, राबली, मुलगी वाढवली. तिचं नाव मेन्ना. दर महिन्याला पत्र यायचं, आणि कुठल्याही पत्राचा शेवट चुकला नाही : 'तू हात वर केला नाहीस, ते मी विसरलेले नाही.' बाबा वारले तेव्हा मी तिला ये म्हणून कळवलं. तिचं उत्तर आलं, 'जिथून मला तोडलं तिथे मी पाहुणी म्हणून येणार नाही. कधीच नाही.' आई गेली तेव्हाही तेच.

मी चार वेळा लंडनला गेले. चारही वेळा गाडीच्या खिडकीशी बसून वाक्य घोकत गेले. नेस्ता दार उघडायची, "आली गं माझी एकटी!" म्हणून मिठी मारायची, आणि वाक्य घशातच राहायचं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली. फुप्फुसांचा आजार होता. दफनाच्या दिवशी मेन्नानं माझी सगळ्यांशी ओळख करून दिली, "हीच ती माझी मावशी. सगळ्या चॅपलमध्ये हिनं एकटीनं हात वर केला नव्हता." डेरीवाले, शेजारी, सगळे एकेक करून पुढे आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. तोच हात. मी तो घेऊ दिला.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवीन उपदेशक नेमायचं मत होतं. मी सहज आरशात पाहिलं आणि आमच्या बाकावर तो हिरवा हात उभा होता.

पहिल्यांदा मी इतकी घाबरले की पायानं भलताच सूर दाबला गेला आणि अख्खं चॅपल दचकलं. दुसऱ्यांदा नुसता घाम फुटला. पण पुढे पुढे, खरं तेच सांगते, मला त्या हाताचा आधार वाटायला लागला. नेस्ता परत आली होती. येणार नाही म्हणाली होती, पण आली होती आणि आपल्या बाकावर बसत होती. रागावलेली असती तर कशाला आली असती?

मग मला तिला भेटायची सवयच लागली. हात मतालाच वर जाई, म्हणून मी ठराव मांडायला लागले. खिडक्यांचे पडदे बदलावेत का? सहल मंबल्सला न्यावी की टेनबीला? सभेनंतर चहाबरोबर साधी बिस्किटं असावीत की आल्याची?

"ओल्वेनला मतांचं व्यसन लागलंय," इद्वल कुरकुरायचा. "बिस्किटांवर मत! पुढच्या वेळी साखर किती चमचे त्यावरही घ्या!"

"घ्या की," मी म्हणायचे, आणि आरशाकडे बघायचे.

लढाईत तीन रात्रींत जर्मनांनी गावाचं पोट जाळलं, बाजार गेला, दुकानं गेली, तरी आमचं चॅपल उभं राहिलं. बॉम्बला जे जमलं नाही ते बुरशीनं केलं. छताची लाकडं आतून खाल्ली. आमच्या रस्त्यावर पूर्वी चार चॅपल होती. एकात आता गालिचे विकतात, एकात तरणी पोरं वजनं उचलतात, एकाचे फ्लॅट झाले. चौथं आमचं. गेल्या शरदात ठरलं की नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनला शेवटची सभा घ्यायची, चॅपल बंद करायचा ठराव करायचा आणि वह्या-दप्तर अभिलेखागाराला देऊन टाकायचं.

मी हे मेन्नाला कळवलं. उलट टपाली तिचं पत्र आलं.

'मावशी, आईनं कधी तोंडानं मागितलं नाही, पण तिला परत घेतलं जावं असं तिला आयुष्यभर वाटत होतं. चॅपल बंद होण्याआधी होईल का? मी येते.'

होण्यासारखं होतं. ज्यांनी तोडलं त्यांनीच जोडायचं, असा आमचा नियम. पण चॅपलच उरलं नाही तर जोडणार कोण? तो रविवार गेला असता तर नेस्ता तोडलेली ती कायमची तोडलेलीच राहिली असती. मी इद्वलकडे गेले.

"बंद करायच्या ठरावाआधी घेऊ की," तो म्हणाला. त्यानं मान हलवली आणि वर बोट केलं. "पण रीतसर. जुना ठराव मोडायचा तर तो आधी मोठ्यानं वाचावा लागतो. एकोणसाठची वही काढून ठेवतो."

"वाचायलाच हवा?"

"नियम आहे, ओल्वेन. शेवटच्या दिवशी नियम मोडायचा म्हणजे काय?"

त्या पानावर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. ऑर्गनच्या मागच्या कपाटातच त्या वह्या असत. शेवटचा शब्द होता 'एकमताने'. मनात आलं, वही आमच्या भाषेतली आणि मेन्ना लंडनला वाढलेली. तिला आमची भाषा येते ती चार स्तोत्रांपुरती. तिला काय कळणार? तो शब्द मी तिला इंग्रजीत सांगताना गाळला तर कोण बघायला येणार आहे?

शनिवारी दुपारी मेन्ना आली. सत्तावन्न वर्षांची, आखूड पांढरे केस, नेस्तासारखीच खांदे मागे टाकून चालणारी. मी तव्यावरचे गोड केक केले होते, मनुकांचा पाव कापून ठेवला होता. तिनं लोणी लावून तीन तुकडे खाल्ले आणि बोटं चाटली.

"आईचा पाव असा कधी जमला नाही," ती म्हणाली. "दगड व्हायचा त्याचा. पण बोलायची कोणाची टाप होती!"

"लहानपणीही तसाच व्हायचा. बाबा म्हणायचे, कारखान्यात पाठवा, पत्रा ठोकायला उपयोगी पडेल."

दोघी हसलो. मग ती उठली, पिशवीतून एक कागदी पुडकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमच्यासाठी आणलंय, मावशी. आईनं शेवटपर्यंत जपून ठेवले होते. कधी घातले नाहीत."

मी कागद उलगडला. हिरवे हातमोजे. अंगठ्यावर तपकिरी रफू.

"गोष्ट तोंडपाठ आहे मला," मेन्ना सांगू लागली. "पुढे जाऊन बसायच्या आधी आईनं तुमचे हात पाहिले. शेगडी फक्त रविवारी पेटवायचे ना? तुमची बोटं थंडीनं निळी पडली होती. तिनं हातमोजे काढून तुम्हाला घातले. म्हणाली, 'धर, मला तर घाम फुटलाय.' आणि मग उघड्या हातांनी पुढे गेली. ती म्हणायची, तिकडे सगळे हात वर करत होते, पण माझे हातमोजे माझ्या बहिणीच्या मांडीवर गप्प बसले होते. परत घेतले तेव्हा गरम होते. त्या उबेवर मी लंडनपर्यंत गेले, म्हणायची."

मला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. हे मी विसरले होते. शपथेवर सांगते, साफ विसरले होते. हातमोजे नेस्ताचे एवढंच डोक्यात राहिलं होतं. त्या संध्याकाळी ते कोणाच्या हातात होते, हे मी इतकं खोल पुरलं होतं की मलाही सापडू नये. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला ते आरशात दिसत राहिलं. तो वर गेलेला हात नेस्ताचा नव्हताच. नेस्ता तर उघड्या हातांनी पुढे बसली होती. आमच्या बाकावर, तिचा हातमोजा घालून, हात वर करून बसलेली एकच पोरगी होती.

"मावशी? बरं वाटत नाही का?"

"केक घशात अडकला," मी म्हटलं.

रविवारी दोन वाजता आम्ही नऊ जण आपापल्या जागी बसलो. मेन्नाला मी विचारलं कुठे बसतेस, तर म्हणाली, "आईच्या बाकावर." ती सज्जाखाली, मागून तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी ऑर्गनवर. हातमोजे मी सोबत आणले होते, ते सुरांच्या पट्टीशेजारी ठेवले.

इद्वल मोठ्या आसनात उभा राहिला, एकटाच. घसा साफ करून त्यानं एकोणसाठची वही उघडली आणि ठराव वाचला. बाबांचंच अक्षर, बाबांचेच शब्द. नेस्ताचं पूर्ण नाव, तिचं कृत्य, तिला तोडल्याची नोंद. शेवटी, "सर्वांनी हात वर करून, एकमताने."

मेन्ना आरशात दिसत होती. नेस्ताचं नाव आलं तेव्हा ती ताठ बसली, बाकी चेहऱ्यावर पाहुण्या माणसाचं हसू. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. आणि तिच्या शेजारी हात वर गेला. मत पुकारलंही नव्हतं, तरी गेला. हिरवा, अंगठ्यावर तपकिरी. आणि सुरांच्या पट्टीशेजारी तेच दोन्ही हातमोजे रिकामे पडलेले.

आता गप्प बसता आलं असतं. इद्वल पुढचं वाचणार, सगळे हात वर करणार, नेस्ता परत घेतली जाणार, मेन्ना मला मिठी मारून गाडीत बसणार. सगळं नीट झालं असतं, आणि मी ते जवळजवळ होऊ दिलं होतं. पण त्या हाताकडे मला बघवेना. किती दमला असेल तो!

"थांब, इद्वल," मी म्हटलं. पाठ सगळ्यांकडे ठेवूनच, आरशात बघत, आमच्या भाषेत बोलले. "त्या एकमतात मी होते. मी माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्ध हात वर केला. तिला सांगितलं केला नाही म्हणून. ती मरेपर्यंत खोटं बोलले."

वर सज्जात थेंब पडत होता तेवढा ऐकू आला. मग खिडकीशी मॅटी खाकरली.

"मला कसली बातमी देतेस?" ती म्हणाली. "होते ना मी त्या सभेत. सत्तावीस वर्षांची घोडी होते. तुझा हात पाहिला आणि माझाही वर केला. म्हटलं, सख्खी बहीण करते तर आपण कोण? आम्हाला काय सांगतेस तू? तिला सांग. आणि पाठ करून नको."

आरशात तो हात तसाच होता. एक बोटभरसुद्धा खाली आला नव्हता.

मी बाकावरून उतरले, हातमोजे उचलले. ऑर्गनपासून आमच्या बाकापर्यंतची वाट मी लहानपणापासून चालले आहे, पण त्या दिवशी ती संपेना. मेन्ना हसून सरकली, मला शेजारी जागा करून दिली. मी बसले नाही. उभी राहून, इंग्रजीत, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. लंडनच्या गाडीत चार वेळा घोकलेलं वाक्य. दहाच शब्दांचं होतं.

ती माझ्या हातांकडे बघत होती.

"हातमोजा घालून?" तिनं विचारलं.

"हो."

"तिचा?"

"हो. तिचाच."

तिनं तोंड फिरवलं. तिचे खांदे पहिल्यांदाच पुढे पडलेले पाहिले मी. मला तिला हात लावावासा वाटला, पण कुठल्या तोंडानं लावणार?

इद्वलनं हलक्या आवाजात विचारलं, "ठराव घ्यायचा ना?" मेन्नाला शब्द कळले नाहीत, पण तो काय विचारतोय ते कळलं. तिनं होकाराची मान हलवली.

"नेस्ताला परत सामावून घ्यावं, याला संमती असेल त्यांनी हात वर करावेत."

मी आमच्या बाकाशीच उभी होते. तिथूनच हात वर केला, उघडा. मॅटीनं दुसऱ्या हातानं कोपराला टेकू देऊन आपला वर केला. सज्जात गेथिन उभाच राहिला. इद्वलनं बोट फिरवत मोजलं. थांबला. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.

"नऊ," तो म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, "नऊ! बरोब्बर नऊ!"

"देवानं राजीनामा दिला वाटतं," मॅटी म्हणाली, पण तिचा आवाज ओला होता.

बंद करायच्या ठरावालाही नऊच भरले. इद्वलनं वहीत नऊ लिहिलं आणि खरं लिहिलं. बिचाऱ्याचं मोजणं बरोबर आलं त्या दिवशी चॅपल संपलं.

मी परत ऑर्गनवर जायला निघाले तेव्हा मेन्ना उठली. तिनं तळहात पुढे केला. मी हातमोजे त्यावर ठेवले.

"हे मी परत नेते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या आईला तिची जागा परत मिळवून दिलीत, त्याबद्दल आभार. मनापासून. पण हे नेते."

"ने."

"चारची गाडी आहे माझी."

"चहा तरी..."

"नको, मावशी."

मावशी म्हणाली, एवढं मी धरून ठेवलं आहे. ती बाजूच्या दारानं गेली. त्याच दारानं नेस्ता गेली होती, पण मेन्नाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, तिला तेच दार जवळ पडलं. आज चार महिने झाले, पत्र नाही. येईल असंही मी म्हणत नाही.

शेवटचं स्तोत्र मी वाजवलं. आठ जण आठ कोपऱ्यांतून गायले, आणि आमच्यात रीत आहे तशी शेवटची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, कोणालाच थांबवेना. मी आरशात आमच्या बाकाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता मेन्ना गेली, ठराव झाला, नेस्ता चॅपलची झाली. आता तरी येईल. आता तिला पाहुणी म्हणून यावं लागलं नसतं. ओळ सहाव्यांदा घेतली, सातव्यांदा घेतली. बाक रिकामा होता. धूळ, आणि कोणीतरी विसरलेलं स्तोत्रांचं पुस्तक.

मग मी सूर सोडले, आणि सगळे गप्प झाले.

एकोणतीस वर्षं मी बिस्किटांवर, पडद्यांवर मतं मागून तिला भेटत होते, आणि तिथे माझ्याच हाताशिवाय कोणी नव्हतं. नेस्ता एकदाही आली नव्हती. तिनं लिहिलंच होतं तसं, जिथून तोडलं तिथे कधीच येणार नाही म्हणून. आमच्या घरात दिलेला शब्द पाळणारी तीच एक होती.